जीपखाली भरलेला वर्ग

घुग्घुसच्या एखाद्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसले, तर नाना तऱ्हेची चाके डोळ्यांसमोरून जातात. कोळशाचे टिप्पर, सिमेंटचे ट्रक, चंद्रपूर आणि वणीकडे धावणाऱ्या एस.टी. गाड्या आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणारी, काळ्या धुळीने माखलेली एखादी जीप. आमचे शाळकरी आयुष्य याच परिसरात गेले. त्या काळी गावात मोटारी मोजक्याच होत्या, आणि मुलांच्या लेखी त्यातली खरी मोटार एकच, ती म्हणजे जीप. पुढे विज्ञानाच्या अभ्यासात बरीच वर्षे गेली, मोठमोठी यंत्रे हाताळली; पण यंत्र आतून समजण्याचा पहिला आनंद आम्हाला जीपनेच दिला. तो कसा मिळाला हे सांगताना या गाडीचा इतिहासही सांगावा, असा या लेखाचा हेतू आहे.

पावसाळ्यातली एक संध्याकाळ

१९९१ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही सातवीत होतो. आमचे विज्ञानाचे गुरुजी नाल्यापलीकडच्या एका खेड्यात राहत आणि सायकलने शाळेत येत. एका संध्याकाळी शेताच्या बांधावर त्यांना घोणस चावली. पाय सुजू लागला. रस्ता म्हणजे काळ्या मातीची पांदण, तिच्यात एस.टी. येणे शक्य नव्हते. कोणीतरी सायकलवर धावत गेले आणि जवळच्या एका कचेरीची जीप घेऊन आले. जीप आली म्हणताच सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जीप कुठेही जाते, ही तेव्हा सर्वांचीच श्रद्धा होती.

गुरुजींना मागच्या बाकावर निजवून गाडी निघाली आणि नाल्याच्या उतारावर फसली. मागचे एक चाक गरगर फिरत होते, चिखल उडवत होते. बाकीची तीन चाके मात्र जागची हलत नव्हती. ड्रायव्हरने दांडे मागेपुढे केले, पण उपयोग झाला नाही. शेवटी तो खाली उतरून म्हणाला, "समोरचा शाफ्ट काढून ठेवला हाय जी. डिझेल वाचते म्हणून."

मग गावकऱ्यांनी पळसाच्या फांद्या तोडून चाकांखाली घातल्या. ड्रायव्हरने मागच्या चाकांतली निम्मी हवा सोडून दिली. दहा-बारा जणांनी रेटा दिला, तेव्हा कुठे गाडी निघाली. चंद्रपूरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत दोन तास वाया गेले होते. गुरुजी वाचले, पण घोणशीच्या विषाने पायाचे स्नायू इतके खराब केले की पुढे जन्मभर ते काठी टेकतच चालले.

तीन महिन्यांनी ते शाळेत परत आले. आल्यावर त्यांनी आम्हाला एकच प्रश्न टाकला : "ती गाडी काऊन फसली, सांगा बरं?"

कोणालाच उत्तर येईना. तेव्हा त्यांनी पुढचा शनिवार ठरवला आणि सगळ्या वर्गाला गावातल्या एका गॅरेजमध्ये नेले. तिथे खड्ड्यावर एक जीप उभी होती. मिस्त्रींनी पुढच्या चाकांना दगड लावून मागचा ॲक्सल लाकडी ठोकळ्यांवर टेकवला होता. पाच-पाच मुले खड्ड्यात उतरत आणि वर पाहत. त्या दिवशी काय पाहिले ते पुढे सांगतो. आधी ही गाडी जन्मली कशी ते पाहू.

एकोणपन्नास दिवसांत गाडी

१९४० सालच्या उन्हाळ्यात युरोपात युद्ध पेटले होते. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, पण तयारी सुरू झाली होती. सैन्याला घोड्याच्या आणि मोटारसायकलच्या जागी एक लहान, हलकी, रस्ता नसेल तिथेही जाणारी गाडी हवी होती. अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांना पत्रे पाठवली. अटी अशा : चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला पाहिजे, गाडीने २७० किलोग्रॅमच्या आसपास ओझे वाहिले पाहिजे, आणि गाडीचे स्वतःचे वजन मात्र १,३०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५९० किलोग्रॅमच्या आत हवे. शिवाय पहिला नमुना ४९ दिवसांत द्यायचा!

बहुतेक कंपन्यांनी उत्तरही पाठवले नाही. पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या बटलर गावची बँटम ही छोटी कंपनी मात्र डबघाईला आली होती. तिला गमावण्यासारखे काही नव्हते. तिने कार्ल प्रोब्स्ट नावाच्या अभियंत्याला बोलावले. प्रोब्स्टने जुलै महिन्यात दोन दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, ठरल्या मुदतीच्या अखेरच्या दिवशी, बँटमची गाडी मेरीलँडमधल्या लष्करी तळावर हजर झाली. वजनाची अट अर्थातच पाळता आली नव्हती. ती अट मुळातच अशक्य होती आणि पुढे सैन्याला ती २,१६० पौंडांपर्यंत (सुमारे ९८० किलोग्रॅम) सैल करावी लागली.

गाडी पसंत पडली, पण बँटमचा कारखाना लहान. सैन्याने तिचे आराखडे विलीज आणि फोर्ड या दोन मोठ्या कंपन्यांनाही दाखवले. तिघांच्या गाड्यांत विलीजची सरस ठरली, ती तिच्या इंजिनामुळे. डेल्मर रूस या अभियंत्याने सुधारलेले २.२ लिटरचे ते इंजिन ६० अश्वशक्तीचे होते. ते जड होते. म्हणून गाडीचे वजन मर्यादेत बसवण्यासाठी रूसच्या माणसांनी बोल्टांची जादा टोकेसुद्धा कापली, असे सांगतात. १९४१ साली मोठे कंत्राट विलीजला मिळाले आणि तीच गाडी विलीजच्या आराखड्यावरून फोर्डनेही बनवली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या तयार केल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारांहून कमी गाड्या आणि बरेचसे विस्मरण आले. ही गाडी आपणच निर्माण केली अशी जाहिरात विलीजने चालवली, तेव्हा ती दिशाभूल करणारी आहे असा निर्णय अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९४८ साली दिला. यंत्राचा जनक एकच असतो, असे मुलांना शिकवताना ही गोष्ट आठवावी.

आणि 'जीप' हे नाव? ते कोणी ठेवले यावर एकमत नाही. फोर्डच्या नमुन्यावरील 'जी.पी.' या अक्षरांचा तो अपभ्रंश असे काही म्हणतात. 'पॉपाय'च्या चित्रमालिकेत १९३६ साली आलेल्या, कुठेही पोहोचू शकणाऱ्या 'जीप' या अजब प्राण्याकडे काही बोट दाखवतात. नाव मात्र सैनिकांच्या तोंडूनच रूढ झाले.

खड्ड्यातून काय दिसले

आता गॅरेजच्या खड्ड्यात परत येऊ. मिस्त्रींनी टॉर्च मारून आधी गिअरबॉक्स दाखवला आणि मग त्याला चिकटलेली एक दुसरी पेटी दाखवली. तिचे नाव ट्रान्सफर केस. साध्या मोटारीत ही पेटी नसते. इंजिनाकडून आलेला जोर ती दोन वाटांनी पाठवते : एक शाफ्ट मागच्या चाकांकडे, दुसरा पुढच्या चाकांकडे. शिवाय तिच्यात गिअरची एक जादा जोडी असते. ती लावली की वेग कमी होतो आणि जोर वाढतो.

किती वाढतो? युद्धकाळातल्या विलीज जीपचे आकडे घेऊन हिशोब करू. तिचे इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांना सुमारे १४२ न्यूटन-मीटर आघूर्ण देते. पहिला गिअर २.६६ पट, ट्रान्सफर केसमधला खालचा गिअर १.९७ पट आणि ॲक्सलमधला गिअर ४.८८ पट. तिन्हींचा गुणाकार सुमारे २५.६ होतो. म्हणजे चाकांवरचे आघूर्ण झाले जवळजवळ ३,६०० न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या साधारण ०.३६ मीटर, भागाकार केला की जमिनीला समांतर ढकलणारे बल येते सुमारे १०,००० न्यूटन, म्हणजे हजार किलोग्रॅम-वजनाच्या आसपास. घर्षणातले नुकसान आपण सोडून दिले आहे. जीपचे स्वतःचे वजन सुमारे १,१०० किलोग्रॅम. म्हणजे ही गाडी स्वतःच्या वजनाएवढ्या जोराने ढकलू शकते!

हा जोर फुकट मिळत नाही. इंजिनाच्या त्याच २,००० फेऱ्यांना सर्वांत वरच्या गिअरमध्ये गाडी ताशी सुमारे ५५ किलोमीटर धावते. सर्वांत खालच्या गिअरमध्ये ताशी साडेदहा. वेग सव्वापाच पटींनी घटला, बल सव्वापाच पटींनी वाढले. तरफेचा जो नियम आपण फळ्यावर शिकवतो, तोच इथे लोखंडात घडवलेला आहे.

पण मग एवढा जोर असलेली गाडी नाल्यावर फसली का? कारण चिखलात प्रश्न इंजिनाच्या जोराचा नसतो, घर्षणाचा असतो. चाक जमिनीला जेवढे धरू शकते तेवढेच ढकलू शकते. उदाहरणादाखल, माणसांसकट गाडीचे वजन १,४०० किलोग्रॅम धरू. ओल्या मातीत घर्षणांक ०.३ धरू. चिखल चाकांना जो अडथळा करतो तो वजनाच्या ०.१८ पट, म्हणजे सुमारे २५० किलोग्रॅम-वजन धरू. फक्त मागची चाके ओढत असतील, तर त्यांच्यावर गाडीचे निम्मेच वजन असते : ७०० गुणिले ०.३ म्हणजे २१०. अडथळा २५० चा आणि ओढ २१० ची, म्हणून गाडी फसली. चारही चाके ओढत असती तर १,४०० गुणिले ०.३ म्हणजे ४२० ची ओढ मिळाली असती आणि गाडी नाला चढून गेली असती. काढून ठेवलेल्या एका शाफ्टची किंमत ही इतकी होती.

काळ्या मातीत हे अधिकच बिकट होते. या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. तिच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, माती फुगते आणि पापुद्रे एकमेकांवरून घसरू लागतात. वर ती टायरच्या खाचांत गच्च बसते आणि खाचांचे टायर गुळगुळीत होऊन जाते. ड्रायव्हरने हवा सोडली तेव्हा टायर पसरले, जमिनीवरचा दाब घटला आणि चाके रुतायची थांबली. पळसाच्या फांद्यांनी घर्षण वाढवले. त्या माणसाने पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडले नव्हते, पण त्यातली दोन प्रकरणे त्याला पाठ होती.

फिरणाऱ्या चाकाचे कोडे

एक कोडे उरलेच. मागच्या दोन चाकांतले एकच चाक का फिरत होते?

मिस्त्रींनी इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकली आणि एका मुलाला मागचे एक चाक हाताने पुढे फिरवायला सांगितले. आश्चर्य असे, की दुसऱ्या बाजूचे चाक आपोआप उलटे फिरू लागले! दोन चाकांच्या मधल्या लोखंडी भोपळ्यात डिफरन्शियल नावाची गिअरची मांडणी असते, तिची ही करामत. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली, तर वळणावर टायर घासले जातील. डिफरन्शियलमुळे दोन्ही चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात.

पण या सोयीत एक गोम आहे. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखेच आघूर्ण देते. एक चाक चिखलात नुसतेच घसरत असेल, तर त्याला फिरवायला नगण्य आघूर्ण लागते. मग कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढेच नगण्य आघूर्ण मिळते. म्हणून एक चाक गरगरते आणि दुसरे उभे राहते. जीपमध्ये पुढे एक आणि मागे एक अशी दोन डिफरन्शियल असतात. त्यामुळे चारही चाकांना जोर जोडला तरीही पुढचे एक आणि मागचे एक चाक घसरले, तर जीप अडकू शकते. "जीप कुठेही जाते" ही श्रद्धा त्या खड्ड्यात आमच्यापुरती संपली, आणि तिच्या जागी एक स्वच्छ कारण आले.

पुढच्या चाकांजवळ मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. पुढच्या चाकांना जोरही मिळायला हवा आणि वळताही यायला हवे. साधा क्रॉसचा सांधा वाकवून फिरवला, तर चाकाचा वेग प्रत्येक फेरीत कमीजास्त होतो आणि स्टिअरिंगला हिसके बसतात. म्हणून तिथे समवेग सांधा लागतो. त्यात खाचांमध्ये बसवलेले पोलादी गोळे असतात. आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात असा एक सांधा शोधला नसता, तर चार चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाड्या इतक्या सहज बनल्या नसत्या.

माझगाव, कांदिवली, नाशिक

ही गाडी महाराष्ट्रात आली तिची कथाही पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कैलासचंद्र महिंद्र हे हिंदुस्थानच्या सामग्री खरेदी मंडळाचे प्रमुख म्हणून वॉशिंग्टनमध्ये होते. तिथे त्यांची जीप बनवणाऱ्यांशी, विशेषतः डेल्मर रूसशी, ओळख झाली. २ ऑक्टोबर १९४५ रोजी कैलासचंद्र, त्यांचे बंधू जगदीशचंद्र आणि गुलाम महंमद यांनी 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी स्थापली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले. तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले.

१९४९ साली मुंबईत माझगावला अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून जीपगाड्या तयार होऊ लागल्या. १९५० च्या दशकात कांदिवलीच्या कारखान्यात त्या बनवण्याचे काम सुरू झाले आणि हळूहळू एकेक भाग इथलाच होत गेला. आपल्याकडे सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली, उंच बॉनेटची जीप म्हणजे विलीजने १९५३ साली आणलेला 'सीजे-३बी' हा नमुना. नव्या इंजिनात आत घेण्याच्या झडपा वर बसवल्यामुळे इंजिन उंच झाले, आणि ते झाकण्यासाठी बॉनेट उचलावे लागले. अमेरिकेत हा नमुना १९६८ साली बंद झाला. आपल्याकडे मात्र त्याचा वंश पुढे कितीतरी वर्षे चालला.

१९७३ नंतर जगभर तेल महागले. पेट्रोल पिणारी जीप परवडेना. तेव्हा ट्रॅक्टरच्या घराण्यातली डिझेल इंजिने जीपमध्ये बसू लागली. पुढे १९८० च्या दशकात इगतपुरीला फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या आराखड्याची डिझेल इंजिने बनू लागली आणि ती जीपच्या नव्या नमुन्यांत आली. अमेरिकी सांगाडा, इंग्लिश-अमेरिकी ट्रॅक्टरचे किंवा फ्रेंच मोटारीचे काळीज आणि इगतपुरी-कांदिवलीचे हात अशी ही गाडी होती.

कोणाची जीप?

आमच्या जिल्ह्यात जीप आधी आली ती सरकारी होऊन. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि विकास गटाची जीप हे तिचे चिन्हच बनले. १९६२ साली महाराष्ट्रात पंचायत समित्या आल्या, तशी गटविकास अधिकाऱ्यांची जीप आली. तिच्या मागोमाग वनखात्याची, पोलिसांची, हिवताप निर्मूलनाची, खाणीच्या साहेबांची आणि निवडणुकीत उमेदवारांची जीप आली. तेव्हाचा चांदा जिल्हा अवाढव्य होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्या भागात बांध्यांमधून आणि जंगलातून जाणाऱ्या वाटांवर दुसरी कोणती मोटार टिकलीही नसती. जीपसुद्धा पावसाळ्यात हात टेके. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या भेटतात; पर्लकोटेला पूर आला की जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जाई, आणि चार काय आठ चाकांचाही तिथे उपयोग नसे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जीपच्या आकर्षणाबद्दल लिहिणारे बहुधा तिच्यात बसलेले असतात. जंगलातल्या माणसाने ती बाहेरून पाहिली. तिच्या आवाजाबरोबर कधी लस टोचणारी नर्सबाई येई, तर कधी सरपणाच्या मोळीचा जाब विचारणारा साहेब. एकाच गाडीने औषधही आणले आणि धाकही. ती लोकांची झाली ती पुढे, जेव्हा लांब सांगाड्याची जीप काळीपिवळी होऊन खेडोपाडी सवारी वाहू लागली. नऊ-दहा जणांच्या गाडीत पंधरा माणसे, वर कोंबड्यांच्या पाट्या, मागच्या पायरीवर दोघे लोंबकळणारे. हे धोक्याचे होते, बेकायदाही होते, पण एस.टी. जिथे पोहोचत नव्हती तिथून माणूस बाजारात, शाळेत आणि दवाखान्यात पोहोचत होता. गंमत अशी, की अशा पुष्कळशा जीपगाड्या फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. जीपचे जे वैशिष्ट्य म्हणून तिचा जन्म झाला, तेच परवडत नाही म्हणून वगळले गेले होते.

मालकांना ती का आवडली?

जीप आरामदायी नव्हती. पाटे कडक, बाक सपाट. ताडपत्रीच्या छतातून पाऊस आत, फटींतून धूळ आत. सुरक्षितही म्हणता येणार नाही. उंच आणि अरुंद असल्याने वेगात वळवली तर उलटण्याची भीती. तरीही ज्यांच्याकडे ती होती ते तिच्याबद्दल घरच्या बैलाबद्दल बोलावे तसे बोलत. लग्नाच्या वरातीला तीच, बियाण्याची पोती आणायला तीच, आजाऱ्याला न्यायलाही तीच.

याचे कारण नुसता रुबाब नव्हता. आमच्या मते मोठे कारण असे, की जीप मालकाला कळत होती. बॉनेट उघडले की इंजिन एका नजरेत दिसे आणि भोवती हात घालायला जागा असे. सपाट मडगार्डवर पाने मांडून ठेवता येत. सारे भाग बोल्टने जोडलेले. मोडले ते सोडवावे, घुग्घुसच्याच लेथवर घासून घ्यावे, परत बसवावे. त्या दिवशी मिस्त्री म्हणाले ते आमच्या लक्षात राहिले आहे : "हे गाडी काई लपवत नाई, गुरुजी. जे हाय ते समोर हाय."

याच उघडेपणाची दुसरी बाजूही त्याच पावसाळ्यात दिसली होती. जी गाडी सहज खोलता येते, तिचा शाफ्टही सहज काढून ठेवता येतो. ज्याने तो डिझेल वाचवण्यासाठी काढला त्याचा हिशोब चूक नव्हता, अपुरा होता. यंत्र कसे चालते हे त्याला ठाऊक होते. ते कशासाठी आहे याचा विसर पडला होता.

आजची स्थिती

आज जीप हे नाव आणि ती गाडी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. नावाची मालकी विलीजकडून कैसर, अमेरिकन मोटर्स, क्रायस्लर अशी हातोहात जात २०२१ साली स्टेलांटिस या समूहाकडे आली. त्या नावाची कंपास ही मोटार २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला बनू लागली. महिंद्रने जुन्या जीपचा वंश २०१० साली 'थार' या नावाने पुढे आणला, आणि २ ऑक्टोबर २०२० रोजी नाशिकला बनणारी नवी थार बाजारात आली. जुन्या चेहऱ्याची 'रॉक्सर' महिंद्रने अमेरिकेत विकायला काढली, तेव्हा हा चेहरा आमचा, असा दावा जीपच्या मालकांनी २०१८ साली केला आणि २०२० साली तो मान्यही झाला. महिंद्रला चेहरा बदलावा लागला. ताडोबाच्या वाटांवर वाघ दाखवणारी जिप्सी ही तर तिसऱ्याच घराण्याची, जपानच्या सुझुकीची. ती १९८५ साली आली आणि २०१० चे दशक संपता संपता तिचे उत्पादन थांबले.

नव्या गाड्या अनेक बाबतींत चांगल्या आहेत हे मान्य केले पाहिजे. त्यांत हवेच्या पिशव्या आहेत, घसरण रोखणारे ब्रेक आहेत. फिरणाऱ्या चाकाचे कोडेही त्यांनी सोडवले आहे : चाक घसरते आहे हे संवेदकाला कळले की संगणक त्या एकट्या चाकाला ब्रेक लावतो. आता त्या चाकाला फिरवायला जास्त आघूर्ण लागते. डिफरन्शियलच्या नियमाप्रमाणे तेवढेच दुसऱ्या चाकालाही मिळते आणि गाडी बाहेर निघते. नियम जुनाच, वापर नवा. पण हे सारे बंद डब्यात घडते. मिस्त्रींचा मुलगा आता गाडीला एक यंत्र जोडतो, पडद्यावर आकडा येतो, आणि आकडा सांगेल तो डबा बदलतो. त्या डब्याखाली खड्ड्यात उतरून पाहण्यासारखे काही नाही.

जुने ते सोने असे आम्हाला म्हणायचे नाही. गुरुजींच्या त्या संध्याकाळी नवी गाडी असती, तर कदाचित त्यांचा पाय वाचला असता. पण ती गाडी का फसली हा प्रश्न घेऊन ते आम्हाला खड्ड्यात नेऊ शकले, ते गाडी उघडी होती म्हणून. त्या वर्गातून पुढे कोणी मिस्त्री झाले, कोणी खाणीत लागले, आम्ही प्रयोगशाळेत आलो. गुरुजी आता नाहीत. त्यांनी त्या ड्रायव्हरला किंवा कचेरीला कधी दोष दिल्याचे आम्ही ऐकले नाही. मात्र दरवर्षी सातवीचा वर्ग त्यांनी काठी टेकत त्या गॅरेजमध्ये नेला.

शिक्षक मित्रांनो, तुमच्या गावात अजूनही एखादी जुनी जीप असेल. मिस्त्रींना विनंती करा, इंजिन बंद ठेवा, पुढची चाके अडवा, मागचा ॲक्सल भक्कम ठोकळ्यांवर घ्या, आणि मुलांना एक चाक फिरवून दुसऱ्याकडे पाहू द्या. जीप नसेल तर सायकल आहे, शिवणयंत्र आहे, हातपंप आहे, पिठाची गिरणी आहे. जे यंत्र उघडता येते ते उघडून दाखवा. जे उघडता येत नाही, त्याच्या आत काय असेल याचा अंदाज बांधायला मुले तिथूनच शिकतील.